वखराचा दांडा आणि न उतरणारं विमान

मित्रांनो, मी वखराचा एक जुना दांडा आहे. आमच्या परभणीकडे मला रुमणं म्हणतात. आता तुमच्यातले निम्मे जण विचारतील, वखर म्हणजे काय? विचारा, त्यात लाजायचं काही नाही. पेरणीच्या आधी जमीन भुसभुशीत करायचं ते अवजार. पुढं दोन बैल चालतात, खाली लोखंडी पातं मातीतून सरकतं, आणि मागून चालणारा माणूस ज्या उभ्या दांड्याला धरून असतो तो मी. मला दाबलं की पातं खोल जातं आणि उचललं की वर येतं. एवढंच माझं शिक्षण.

सध्या मी वखराला नाही. मला कापून दीड हाताचा केलाय. माझ्या बुडाला चार पितळी पट्ट्या आहेत आणि त्यांना जोडलेल्या वायरी एका फळीभोवती गुंडाळून ठेवल्या आहेत. पंचवीस वर्षं मी जमीन हाणली आणि सव्वा महिना विमान हाणलं. हसू नका. ज्या दोघी बायकांनी ते बघितलं, त्यांना त्यानंतर मी पुन्हा कधी हसताना पाहिलं नाही.

माझा जन्म पेडगावच्या शिवारातला. लिंबाचं वावर म्हणून धोंडीबाची जमीन होती, तिच्या बांधावरच्या बाभळीतून आश्रुबा सुतारानं मला घडवलं. बाभळीचं लाकूड आहे मी, सागवानाची मिजास मला नाही. पण वाळवी माझ्या वाटेला जात नाही, हे सांगायला हरकत नसावी. आश्रुबानं माझ्या डोक्यावर आडवी मूठ बसवली, तासून गुळगुळीत केली आणि धोंडीबाच्या हातात दिली. धोंडीबानं मूठ दोनदा दाबून बघितली, मान हलवली आणि बैल हाकले. माझं बारसं म्हणा की मुंज म्हणा, एवढ्यावरच उरकलं.

धोंडीबा कमी बोलणारा माणूस. त्याच्या उजव्या तळपायात तरुणपणी बाभळीचा काटा मोडला होता, तो कधी निघालाच नाही. त्यामुळं तो सगळा भार डाव्या अंगावर टाकून चालायचा, आणि माझ्यावरही डावीकडूनच रेलायचा. वर्षानुवर्षं तसं रेलून माझी मूठ डाव्या बाजूला झिजली आणि अंगठ्याजागी एक खळगा पडला. आमच्याकडे म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही म्हण ज्यानं केली त्यानं धोंडीबाला पाहिलं नव्हतं. मेल्यावरसुद्धा खोड जात नाही, हे मी माझ्या अंगावर अनुभवलंय.

त्याला दोन मुलं. धाकटा मुंजाजी शेतीत राहिला. थोरला बन्सीधर हवाई दलात भरती झाला, विमानांची इंजिनं दुरुस्त करायच्या कामावर. गावात धोंडीबाची मान त्यामुळं ताठ असायची. अठ्ठ्याहत्तर साली बन्सीधर सुट्टीवर आला आणि इकडं नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला. एसट्या बंद झाल्या, तो आठ दिवस गावातच अडकला. श्रावणाचे दिवस होते आणि ज्वारीसाठी राखलेल्या लिंबाच्या वावरात वखराची पाळी चालू होती. त्या आठ दिवसांत बापलेक रोज माझ्या मागून आळीपाळीनं चालले. एकदा बैल वळवताना धोंडीबानं आभाळाकडं बघितलं आणि विचारलं, "बन्सी, वरून आपलं वावर कसं दिसत आसंल? मला एकदा इमानात बसीव." बन्सीधर म्हणाला, बसवतो दादा.

तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण तो स्वतःच कधी विमानात बसला नव्हता. तो खाली उभा राहून बोल्ट आवळायचा, आणि उडायचे ते दुसरेच. हे बापाला सांगायची त्याला लाज वाटली. माझ्यावर त्याचा हात होता तेव्हा तळव्याला घाम सुटला होता, तो मला कळला.

शहाऐंशी साली भादव्यात धोंडीबा गेला. टळटळीत दुपार होती. वावरात तो एकटाच होता. बाराव्या फेऱ्यात, वावराच्या मधोमध, त्यानं मला एकदम खाली दाबलं. इतकं कधी दाबलं नव्हतं. पातं रुतलं, बैल थांबले आणि धोंडीबा माझ्या अंगावरून खाली सरकत गेला. पण त्याचा हात माझ्या मुठीवरच राहिला. मुंजाजी धावत आला तेव्हा पाची बोटं इतकी आवळलेली होती की त्याला एकेक बोट उकलून काढावं लागलं. बन्सीधरला तार उशिरा मिळाली. तो पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. मुंजाजीनं वखराला नवा दांडा बसवला आणि मला गोठ्याच्या आढ्याला खोचून दिलं. जवळजवळ चार वर्षं मी तिथं होतो. कोळ्यांनी जाळी विणली, चिमण्यांनी काड्या टाकल्या. मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. थंडीत सगळं लाकूड गार पडायचं, पण माझ्या मुठीवर पाच बोटांची जागा कोमट असायची.

एकोणनव्वदच्या अखेरीला बन्सीधर पेन्शन घेऊन गावी आला. बायको सत्यशीला सोबत होती. मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटलं, आता हा जमीन बघेल. यानं बघितली ती भलतीच गोष्ट. त्याच्याबरोबरच्या एका फिटरनं रबरी बटनांचा छोटासा कंप्युटर जुन्यात विकायला काढला होता, तो यानं उचलला. परभणीतून एक जुना काळापांढरा टीव्ही आणला. भंगारातून ट्रकची बसायची शीट आणली आणि ती लाकडी खोक्यावर ठोकली. घरातला टेपरेकॉर्डर जोडला. एका कॅसेटमध्ये गाण्यांच्या जागी विमानाचा प्रोग्राम भरलेला होता. कॅसेट लावली की पाच मिनिटं कर्कश किंचाळणं ऐकू यायचं, आणि मग टीव्हीवर एक आडवी रेघ दिसायची. वर आभाळ, खाली जमीन, आणि त्याच्या खाली घड्याळासारखे काटे. मोठ्या कंपन्यांचे पायलट असल्याच, पण लाखो रुपयांच्या यंत्रावर शिकतात, हा गडी पेडगावच्या पडवीतल्या खोलीत शिकायला बसला. टीव्ही नीट दिसावा म्हणून त्यानं खिडकीवर गोणपाट ठोकलं, त्यामुळं भर दुपारी त्या खोलीत दिवेलागणीसारखं व्हायचं.

त्याची आई भिवराबाई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. ते किंचाळणं ऐकून ती म्हणायची, आत कोणीतरी दात खायलंय.

सुरुवातीला तो बटनांवरच विमान चालवायचा. बोटं इंजिनावर घासून जाड झालेली, बटनं हरभऱ्याएवढी. चढायला जमायचं, उतरायला जमायचं नाही. कधी धावपट्टीच्या अलीकडं पडायचा, कधी पलीकडं. वहीत वेग लिहायचा, उंची लिहायची, पुन्हा पडायचा. पारावर लोक म्हणायचे, सरकारनं वीस वर्षं इमानं सांभाळायला दिली, आता घरी बसून पाडायलाय. तो हसून सोडून द्यायचा. मात्र त्याच्या एक लक्षात आलं, हातात धरायला दांडा पाहिजे. पुण्या-मुंबईत तो मिळत होता, पण पेन्शनीत परवडणारा नव्हता. मग एके दिवशी गोठ्यात उभं राहून त्यानं आढ्याकडं बघितलं.

सत्यशीलेनं अडवलं. म्हणाली, दादांच्या हातातलं आहे ते, दुसरं लाकूड घ्या. तो म्हणाला, "म्हणूनच तर पायजे. त्यांला इमानात बसवायचं राहून गेलंय."

त्यानं मला करवतीनं कापलं. दुखलं का, असं विचारू नका, लाकडाला सवय असते. माझी मूठ आणि वरचा भाग त्यानं ठेवला, बुडाला सायकलच्या ट्यूबचं रबर चारी बाजूंनी ताणून बांधलं, म्हणजे सोडलं की मी सरळ उभा राहावं. जुन्या बॅटऱ्यांच्या पितळी पट्ट्या चार बाजूंना लावल्या. मी ज्या बाजूला झुकेन त्या बाजूची पट्टी चिकटणार आणि विमान तसं वळणार. पुढं लोटलं की खाली, मागं ओढलं की वर. कामात हुशार माणूस, शंकाच नाही.

श्रावण संपत आला होता. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तो माझ्यासमोर बसला. वीज दुपारीच नीट मिळायची, म्हणून ती वेळ. किंचाळणं संपलं, आभाळ-जमीन दिसली. त्यानं मूठ धरली आणि पुटपुटला, दादा, बसा. विमान धावलं, वर चढलं. बन्सीधरचा हात हलका होता, मला बरं वाटलं.

आणि मग त्याच्या हातावर आणखी एक हात आला.

मित्रांनो, मी दुसरं कसं सांगू? पाच बोटांच्या त्या कोमट जागेवर वजन पडलं. मी डावीकडं झुकलो. बन्सीधरनं मला उजवीकडं ओढलं, रबर ताणलं, मी हललो नाही. विमान डावीकडं वळलं, सरळ गेलं, थोडं वर उचललं गेलं, वळलं, पुन्हा खाली दाबलं गेलं आणि उलट्या दिशेनं सरळ गेलं. मग पुन्हा उचललं, वळलं, दाबलं. धावपट्टी उजवीकडं होती. विमान तिकडं जाईचना. असे कितीतरी फेरे झाले, आणि मग एकाएकी मी पूर्ण खाली दाबला गेलो. टीव्हीवर जमीन वर आली आणि पडदा पांढरा झाला.

बन्सीधर मिस्त्री माणूस. भुताखेतांवर त्याचा भरवसा नव्हता. पावसाळी हवेनं लाकूड फुगलं असेल, म्हणून त्यानं मला उन्हात वाळवलं. पट्ट्या बदलल्या. रबर बदललं. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं वहीत फेरे मोजले. अकरा पूर्ण झाले आणि बारावा अर्ध्यावर तुटला. चौथ्या दिवशीही अकरा आणि अर्धा. पाचव्या दिवशीही तेवढेच.

संध्याकाळी मुंजाजी बैल पाण्यावरून घेऊन आला तेव्हा बन्सीधरनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, दादा गेले त्या दिवशी वखराचे किती फेरे झाले होते? मुंजाजी म्हणाला, तेरावं उरकल्यावर उरलेलं वावर त्यानंच हाणलं होतं, त्यामुळं चांगलं ध्यानात आहे. अकरा पुरे आणि बारावा निम्मा. मग त्यानं विचारलं, कामून? बन्सीधर उठून खोलीत गेला.

मुंजाजीला घरातल्या घरात कळायचं ते कळलं. त्यानं त्या खोलीवरून जायचं सोडलं.

आता तुम्हाला वाटेल, बन्सीधरनं ते यंत्र बंद करून टाकायला हवं होतं. सत्यशीलाही तेच म्हणाली. पण त्याच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. बाप त्या विमानात आहे, आणि रोज बाराव्या फेऱ्याला तो पडतो. आपण बसलो नाही तर तो एकटा पडेल. मागच्या खेपेला तो एकटा होता, या खेपेला आपण सोबत आहोत. एकदा, फक्त एकदा, बारावा फेरा पार करून त्याला धावपट्टीवर उतरवायचं. सत्यशीलेनं हात जोडले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "त्यांला खाली आणल्याबिगर मला उठता येत न्हाई."

आणि खरंच त्याला उठता येईना. पहिल्या आठवड्यात पडदा पांढरा झाला की तो मूठ सोडायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याची बोटं लवकर सुटेनात. तिसऱ्या आठवड्यात सत्यशीलेला ती एकेक करून उकलावी लागली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. बोटं बर्फासारखी गार, आणि माझी मूठ मात्र तापलेली. सासऱ्यांची बोटं कशी उकलली होती, ते तिनं मुंजाजीच्या तोंडून ऐकलं होतं. रोज गारठा वर चढत होता. मनगट, मग कोपर, मग खांदा. बन्सीधर जेवेना, वाळून काडी झाला. डावा खांदा खाली टाकून चालायला लागला. त्याच्या उजव्या पायात काटा नव्हता, तरी तो लंगडायचा.

एका दुपारी ती धीर करून पुढं झाली आणि तिनं पिन उपटली. टीव्ही विझला. टेपरेकॉर्डर मुका झाला. बन्सीधर अंधाऱ्या पडद्याकडं बघत बसून राहिला, आणि त्याचा हात चालूच राहिला. डावीकडं, सरळ, उचल, वळण, दाब. मला जोडलेल्या वायरीत वीज नव्हती, मित्रांनो. तरी आम्ही दोघं बारावा अर्धा फेरा होईपर्यंत थांबलो नाही. शेवटी मी खाली दाबला गेलो तेव्हा बन्सीधरची मान छातीवर पडली आणि काही वेळ त्याचा श्वास लागेना. सत्यशीलेनं तोंडावर पाणी मारलं तेव्हा तो परत आला. तिला कळून चुकलं, ही गोष्ट आता यंत्राची राहिली नाही. आणखी चार-दोन दिवसांत हा माणूस आपल्या हातचा जाईल.

ती सासूकडं गेली. भिवराबाई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. चार वर्षं ती नवऱ्याबद्दल अक्षर बोलली नव्हती. सत्यशीलेनं सगळं सांगितलं. फेरे सांगितले, गारठलेला हात सांगितला, पिन उपटल्यावर काय झालं ते सांगितलं. म्हातारीचा हात सुपातच थांबला. तिनं एकच विचारलं, हे रोज कोणत्या टायमाला होतं? सत्यशीला म्हणाली, बारा वाजल्यापासून.

भिवराबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं जे सांगितलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतं?

धोंडीबा स्वतःहून कधी औत सोडत नसे. औत सोडणं म्हणजे बैल मोकळे करून काम थांबवणं. बाकीचे लोक सूर्य बघून सोडायचे. हा माणूस भिवराबाईची वाट बघायचा. ती भाकरी घेऊन बांधावर यायची, डोक्यावरची टोपली खाली ठेवायची आणि तिथून म्हणायची, सोडा आता. मगच त्याचा हात माझ्यावरून उठायचा. लग्न झाल्यापासूनचा हा रिवाज. ती माहेरी गेली तर तो तिन्हीसांजेपर्यंत हाणत राहायचा, आणि लोक त्यावरून त्याची चेष्टा करायचे. त्या भादव्यात ती दळण घेऊन गिरणीवर गेली होती. वीज गेली. घरात पीठ नव्हतं. आता येईल, मग येईल करत ती गिरणीच्या ओट्यावर बसून राहिली, शेजारणींशी बोलली, हसलीसुद्धा. भाकरी घेऊन बांधावर पोचली तेव्हा लोक जमले होते.

सत्यशीला म्हणाली, आत्याबाई, त्यात तुमचा काय गुन्हा? म्हातारी म्हणाली, "गुन्हा न्हाई गं. पण त्यांला अजून कुणी सोडा म्हणलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईनं स्वतः चूल पेटवली. तिच्या हाताला आताशा कंप होता, भाकरी गोल होईनात, तरी तिनं सुनेला हात लावू दिला नाही. दोन भाकरी, ठेचा, कांदा फडक्यात बांधला. पाण्याचा तांब्या घेतला. डोक्यावर पदर घेतला, वर चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपली ठेवली. घरातल्या घरात, अंगणातून पडवीतल्या खोलीपर्यंत जायचं होतं, पण ती वावरात निघाल्यासारखी निघाली. वाटेत दोनदा थांबली.

आत आमचा अकरावा फेरा संपत आला होता. बन्सीधरचे ओठ काळे पडले होते. माझ्यावरचा तो दुसरा हात इतका जड झाला होता की माझ्या बुडाचं रबर करकरत होतं. विमान उचललं, वळलं, दाबलं. बारावा फेरा सुरू झाला. तेवढ्यात दार उघडलं आणि गोणपाटाच्या अंधारात दुपारचं ऊन आलं.

म्हातारी आत आली नाही. उंबऱ्यापाशी, जशी ती बांधावर थांबायची तशी थांबली. टोपली खाली ठेवली. टीव्हीवर ती जमीन हळूहळू सरकत होती. तिनं ती पाहिली आणि तिला ओळख पटली. वळण बघूनच पटली असणार. सदतीस वर्षं तिनं ते बांधावरून बघितलं होतं.

"आवो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "उशीर झाला मला. गिरणीवर लाइट गेली व्हती. लय उशीर झाला. ऊन लागायलंय तुमाला. बैलं बी थकली. सोडा आता."

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण त्या वेळी माझ्या अंगात जी धग होती ती मुठीतून वर निघून गेली, हे मी शपथेवर सांगतो. आधी अंगठा उठला, त्या खळग्यातून. मग बाकीचं वजन. रबरानं मला सरळ उभं केलं. बन्सीधर दचकला, जागा झाल्यासारखा त्यानं पडद्याकडं बघितलं. बाराव्या फेऱ्याचं अर्धं वावर मागं पडलं होतं आणि विमान अजून हवेत होतं. उजवीकडं धावपट्टीच्या दोन रेघा दिसत होत्या. त्यानं मला उजवीकडं नेलं. मी गेलो. त्यानं वेग कमी केला. मग उंची कमी केली. त्याच्या हाताला घाम सुटला, अठ्ठ्याहत्तर सालच्यासारखा. चाकं टेकली, विमान दोनदा उसळलं, मग धावत धावत हळू झालं आणि उभं राहिलं.

बन्सीधरची बोटं आपोआप उघडली. भिवराबाई आत आली, तांब्यातलं पाणी तिनं जमिनीवर थोडं ओतलं, हात धुवायला ओततात तसं. भाकरीचं फडकं टीव्हीसमोर सोडून ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. नवरा जेवताना ती नेहमी अशीच बसायची, बघत राहिलं तर माणूस पोटभर जेवत नाही म्हणून. बन्सीधर शीटवरून उतरला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्या हाताला ऊब आली होती.

ही झाली त्यांची गोष्ट. पुढं बन्सीधर बरा झाला, शेतीत लागला. रविवारी गावातल्या पोरांना त्या शीटवर बसवून विमान चालवायला शिकवायचा. पोरं पाडायची, खिदळायची. कुणाच्या हातावर दुसरा हात आला नाही. दोन वर्षांनी वीज जास्तीची आली आणि कंप्युटर जळाला. मला बुडाच्या रबरासकट त्या खोलीतल्या फळीवर ठेवलं गेलं. भिवराबाई गेल्या वर्षी गेली. आता चौऱ्याण्णव साल चालू आहे, खोलीचं दार बंद असतं, आणि खिडकीवरचं गोणपाट अजून तसंच आहे.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ती तुम्हाला सांगतो.

तो हात माझ्यावरून उठला, हे खरं. त्यानंतर माझी मूठ गार पडली, इतर लाकडांसारखी. मग अजूनही दुपारी बारा वाजले की मी का हलतो? वायर कशालाच जोडलेली नाही. समोर टीव्ही नाही. खोलीत माणूस नाही. तरी मी डावीकडं झुकतो, सरळ जातो, उचलला जातो, वळतो. मी रोज मोजतो. अकरा होतात, बारावा अर्धा होतो, आणि मी खाली जातो. मागच्या आठवड्यात सत्यशीला फळीवरची धूळ पुसायला आली आणि मला हलताना बघून तशीच दाराबाहेर गेली. आता मला शंका येते. त्या सव्वा महिन्यात बन्सीधरचा हात ओढणारा धोंडीबा होता, की मीच होतो? त्याला तर बिचाऱ्याला केव्हाच सुटी मिळाली असेल. पंचवीस वर्षं औत हाणायची सवय मलाही लागली होती, आणि त्या दिवशी वावरात मधोमध मीही थांबलो होतो. भिवराबाईनं हाक मारली ती तिच्या माणसाला. अवजाराला कोण हाक मारणार?

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात जी माणसं दिवसभर राबतात, त्यांना वेळेवर जाऊन सांगा की आता पुरे. उशीर करू नका, गप्पांत रमू नका. आणि कधी पेडगावला आलात, एखाद्या बंद खोलीतून भर दुपारी रबर करकरल्याचा आवाज आला, तर घाबरून पळू नका. दाराशी उभे राहा आणि मला एवढंच म्हणा, सोड आता.